आर्लिसबाईंचे दहा आकडे

अमेरिकेतल्या आमच्या सीडर बेंड गावात आर्लिस कुचेरा या बाईंवर दोन आरोप कायम होतात. एक, त्या चिलीत, म्हणजे इथल्या राजमा-खिम्याच्या रश्शात, तिखट घालत नाहीत. दोन, त्या घंटा उशिरा वाजवतात. पहिला आरोप करणारा गावात मी एकटाच आहे. दुसरा अख्खं गाव करतं, आणि करताना प्रत्येकाच्या बोलण्यात घरच्या माणसाला नावं ठेवतानाचा जिव्हाळा असतो.

घंटा म्हणजे बंबखान्याच्या मनोऱ्यावरची. कॉलेजच्या पोरांनी फुटबॉलचा, म्हणजे इथल्या चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलचा, सामना जिंकला की ती वाजते, हरली की वाजत नाही. मनोऱ्याच्या खिडकीतून मैदानाचा फक्त उत्तरेकडचा अर्धा भाग दिसतो. उरलेला अर्धा रेडिओवर ऐकायचा. रेडिओ मैदानाच्या सात सेकंद मागे असतो. म्हणून बाईंचा नियम असा, की पोरगं चेंडू घेऊन रेषेपार गेलं, गर्दी ओरडली, पंचाने गुण झाल्याची खूण म्हणून दोन्ही हात वर केले, तरी सावकाश दहा आकडे मोजायचे. त्यात रेडिओवाला कुठे नियमभंगाचा पिवळा रुमाल पडल्याचं बोलला नाही, तरच दोरी ओढायची.

"गर्दी खोटं बोलत नाही," त्या म्हणायच्या, "पण घाईत बोलते."

आर्लिसबाईंनी चौतीस वर्षं कॉलेजच्या मेसमध्ये स्वयंपाक केला. पोरांची नावं त्यांना ताटावरून पाठ. हा कांदा काढून ठेवतो, तो दालचिनीचा रोल चिलीत बुडवून खातो, तिसरा आईशी भांडला की जेवतच नाही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी सामन्याच्या आदल्या दिवशी त्या मेसमध्ये वाढायला उभ्या राहतात, आणि दीडशे रोल त्यांच्या घरून जातातच. संघातल्या प्रत्येक पोराला एक आणि ज्याचं लग्न मोडलंय किंवा गुडघा, त्याला दोन.

दोरी त्यांच्याकडे आली तीही एका चुकीतून. त्यांच्या आधी ऑटो श्रामेक नावाचे गृहस्थ घंटा वाजवत. एकतीस वर्षांपूर्वी ऑटोंनी एकदा सामना संपायच्या आधीच घंटा वाजवली आणि संघ हरला. बंबखान्यात एक फळी लावलेली आहे. तिच्यावर रंगाने लिहिलंय, 'खेळ संपण्याआधी जो वाजवेल, त्याची दोरी गेली.' ऑटोंची गेली. नंतर कुणी ती घ्यायला धजेना, तेव्हा मेसमधली ही बाई एप्रनला हात पुसत म्हणाली, "मला द्या, मला उकळी येईपर्यंत थांबायची सवय आहे." त्या दिवसापासून ऑटो बाईंशी एक अक्षर बोलले नव्हते. आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. बाई समोरून दिसल्या की काठी टेकत रस्ता ओलांडायचे, बर्फ असला तरी.

मी इथे बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करतो, चोवीस वर्षं झाली. माझं नाव अच्युत. ते इथल्या लोकांना शिंकेसारखं ऐकू येतं. नाव सांगितलं की शिंकणाऱ्याला म्हणतात तसं 'गॉड ब्लेस यू' म्हणतात, आणि स्वतःच्याच विनोदावर हसतात. पहिल्या वर्षी मी बंबखान्याला लागून घर घेतलं आणि पहिल्याच शनिवारी घंटेच्या आवाजाने खवळून तक्रार करायला मनोऱ्यावर चढलो. बाईंनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग माझ्या कानाला रेडिओ लावला, हातात रोल दिला आणि विचारलं, "नाव काय तुझं?" मी सांगितलं. त्या शिंकेवर हसल्या नाहीत. तीनदा म्हणून बघितलं आणि चौथ्यांदा बरोबर म्हटलं. तेव्हापासून मी त्यांचा रेडिओवाला. त्या दुर्बीण घेऊन खिडकीशी, मी कानाला रेडिओ लावून मागे, आणि त्यांचे हात मोकळे राहावेत म्हणून दोरीचं टोक माझ्या मुठीत.

आता त्या शनिवारकडे येतो. टाळता आला असता तर टाळला असता.

हॅन्सन व्हॅलीच्या संघाने आम्हाला सलग सतरा वर्षं हरवलं होतं. सतरा वर्षांत इथे पोरं जन्मून गाडी चालवायला लागली, पण या सामन्याला घंटा वाजलेली त्यांनी ऐकली नव्हती. यंदा मात्र आमची पोरं ठरवून उतरली होती. पहिल्या अर्ध्यात चौदा गुणांनी मागे पडूनही त्यांनी बरोबरी गाठली. आमच्या एकाचं नाक फुटलं, तो कापूस कोंबून परत आला. चोवीस-चोवीसवर वेळ संपली.

जादा डावांत घड्याळ नसतं. दोघांनाही आळीपाळीने पंचवीस यार्डांवरून एकेक संधी मिळते, कुणीतरी पुढे राहेपर्यंत. पहिल्या फेरीत दोघांनी सात-सात केले. दुसऱ्या फेरीत त्यांना तीनच मिळाले, आणि आता आमची पाळी. रेषेपार गेलो की सामना आमचा. आणि डाव उत्तरेच्या टोकाला, आमच्या खिडकीसमोर.

सरकत सरकत आम्ही आठ यार्डांवर आलो, तिथून चेंडू उंच उडाला. कोपऱ्यात टेट लिंडक्विस्टने तो छातीशी घेतला आणि रेषेपार आडवा पडला. टेट म्हणजे वाळूच्या टेकड्यांमधल्या गुरंवाल्यांचं पोर, चिलीत रोल बुडवणारा तोच. पंचाचे हात वर गेले. गावाचा असा आवाज मी चोवीस वर्षांत ऐकला नव्हता.

बाई मोजू लागल्या. "एक. दोन."

माझे डोळे भरले होते. कानात रेडिओवरचा समालोचक अजून चेंडू उडाल्याचंच सांगत होता.

"तीन. चार."

आणि मी दोरी ओढली. हो, मीच. चोवीस वर्षं ज्या आवाजावर चिडलो, त्याचा मोह मलाच आवरला नाही. एकदा नाही, सात-आठदा ओढली, साप मारावा तशी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते माझ्यासारख्यासाठीच.

बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी माझी मूठ धरली आणि घट्ट दाबून ठेवली. तोवर खाली कुंपणावरून माणसं मैदानात उतरली होती. का नाही उतरणार? ही घंटा एकतीस वर्षांत एकदाही खोटी वाजलेली नव्हती. रुमालाकडे कुणी पाहिलंच नाही, लोकांनी घंटेवर विश्वास ठेवला.

मग रेडिओवर आलं, "थांबा, रुमाल आहे."

चेंडू हलण्याआधी टेट अर्धं पाऊल पुढे सरकला होता. गुण रद्द, डाव पाच यार्ड मागून पुन्हा. मैदान रिकामं करायलाच अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत आमच्या पोरांचं अंग गार पडलं आणि हॅन्सन व्हॅलीवाले बाकावर बसून दम खात राहिले. पुढचा चेंडू झेलता आला नाही. बरोबरीच्या तीन गुणांसाठी लाथेने उडवलेला चेंडू त्यांच्या एका ताडमाड पोराच्या बोटांना लागून खाली पडला. चौतीस-एकतीस.

हरल्यावर इथले लोक आरडाओरडा करत नाहीत. टोप्या काढून हातात घेतात आणि शेतावर गारपीट झाल्यासारखे उभे राहतात. गाड्यांच्या मागे मांडलेल्या टेबलांवर चिली थिजत होती. एक म्हातारा आपल्या पिकअपच्या फळीवर बसून वाटीतला चमचा नुसताच फिरवत होता. बायका मुलांच्या गालावर रंगवलेले निळे पट्टे थुंकी लावून पुसत होत्या.

सगळी तोंडं उघडली ती रेडिओवर. सामन्यानंतर तासभर गावातल्या केंद्रावर कुणीही फोन करून बोलतं. आम्ही दोघं मनोऱ्यावरच बसून ऐकत होतो.

"लिंडक्विस्टच्या पोराला चेंडूआधी पळायची घाई, मग पळू दे की थेट घरी!"

"अहो, याला ट्रॅक्टरवर नका बसवू. फाटक उघडायच्या आधीच गियर टाकेल."

"माझा नातू चार वर्षांचा आहे, त्यालाही कळतं कधी हलायचं ते!"

शेवटी एकाने टेटच्या आईचं नाव काढलं. बाईंनी रेडिओचा आवाज कमी केला.

"अच्युत, फोन दे तुझा."

त्यांनी नंबर लावला. मला वाटलं, आता माझं नाव घेणार, आणि घ्यायलाच हवं होतं. बाई म्हणाल्या,

"आर्लिस बोलतेय. घंटा मी वाजवली. पोरगं अर्धं पाऊल आधी हललं, मी सहा आकडे आधी. मैदानात तुम्हाला उतरवलं कुणी, त्याने की मी? सामना थंड केला कुणी? शिव्या द्यायच्यात त्यांनी मला द्या. घर माहीत आहे. मागचं दार उघडं असतं."

मग फोनवर फोन. पण आता रोख बदलला होता.

"आर्लिस, दहापर्यंत आकडे येत नसतील तर सांग, लिहून देतो!"

"एकतीस वर्षं उशिरा वाजवलीस, त्याची भरपाई आजच करायची होती होय गं?"

टेटचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मी म्हटलं, "हे काय केलंत? आता दोरी जाईल तुमची. मी सांगतो फोन करून."

"गप बस," बाई म्हणाल्या. "माझी इथे चौतीस वर्षांची चिली लोकांच्या पोटात आहे. मला शिव्या देतील आणि पुढच्या आठवड्यात रोल मागायला येतील. तुझं तसं नाही. आणि त्या पोराचं तर मुळीच नाही. लोकांना हसायला कुणीतरी लागतंच, तर मी बरी."

मला राग आला. चोवीस वर्षं या गावात बर्फ उपसतोय मी, आणि माझ्या खात्यावर काहीच नाही? पण रागाखाली काय होतं ते मला ठाऊक होतं. मी घाबरलो होतो, आणि बाईंनी ते ओळखलं होतं. मी घरी गेलो आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

रविवारी सकाळी बाईंच्या पायरीवर कुणीतरी गजराचं घड्याळ ठेवून गेलं. बाई चर्चहून परत येईपर्यंत पाच घड्याळं झाली. दुपारपर्यंत चौदा. स्वयंपाकघरातली, खिशातली, एक कोंबडा आरवणारं, एक नुसतं अंडी उकडायचं. हा गावाचा टोमणा. मी शरमेने अर्धमेला होऊन तिथे पोचलो तर बाई पायरीवर बसून एकेकाला चावी देत होत्या.

"बघ, नऊ चालू आहेत. शाळेला देऊन टाकू."

आत ओट्याशी टेट उभा होता, कोपरापर्यंत पीठ माखलेला. बाहेर त्याचा पिकअप होता आणि मागे त्याची गादी, खोकी, बूट, सगळं बांधून ठेवलेलं. कॉलेज सोडून घरी निघाला होता तो. निघण्याआधी बाईंची माफी मागायला आला, तर बाईंनी त्याला कणीक मळायला लावली होती.

"मिसेस कुचेरा, माझ्यामुळे तुमची दोरी जाणार," तो म्हणाला. आवाज असा, की मला मान वर करवेना.

"तुझ्यामुळे काही जात नाही. मनगटाने मळ, बोटांनी काय गुदगुल्या करतोस? उद्या सराव किती वाजता?"

"तीन."

"मग हे फुगलं की रोल होतील, ते खा, आणि गादी परत खोलीत नेऊन टाक. हलायचं कधी हे तुला कळत नाही असं म्हणतात ना लोक? आत्ता हलू नकोस."

तो मळत राहिला. नाकाचं पाणी बाहीने पुसलं तेव्हा बाईंनी त्याच्या डोक्यात टपली मारली, "पिठात नको!"

सोमवारी संध्याकाळी सहाला बंबखान्यात दोरीचा निकाल लावायची बैठक होती. मी येताना मुद्दाम मैदानावरून आलो. टेटचा पिकअप सरावाच्या कुंपणाशी उभा होता, मागे गादी नव्हती. म्हणजे बाईंचं काम झालं होतं. आता गप्प राहायला मला कसलीही सबब उरली नव्हती.

चाळीसएक माणसं जमली होती. बंबखान्याचा प्रमुख मर्ल होल्टॉर्फ फळीखाली उभा होता. मागच्या बाकावर, काठीवर हनुवटी टेकून, ऑटो श्रामेक. बाई आल्या. हातात पावाची टोपली, तिच्यात स्वच्छ फडक्यावर गुंडाळलेली दोरी. त्यांनी ती मनोऱ्यावरून स्वतः सोडून आणली होती. टोपली टेबलावर ठेवून त्या बसल्या.

मर्लने घसा खाकरला. त्याने तोंड उघडण्याआधी मी उभा राहिलो.

"घंटा मी वाजवली," मी म्हणालो. "आर्लिसबाई मोजत होत्या. चारवर मी ओढली. त्यांनी रेडिओवर सांगितलं ते खोटं आहे. शिक्षा मला करा."

कुणी दचकलं नाही. मर्लने माझ्याकडे पाहिलं, नापास होणाऱ्या पोराकडे मास्तर पाहतो तसं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे?"

"आर्लिस एक टोला देते, मग पावाला लोणी लावून होईल इतका वेळ थांबते, मग दुसरा. एकतीस वर्षं ऐकतोय. शनिवारी तर दोरीत बोकड अडकल्यासारखा आवाज होता. गावात कान असलेल्या कुणालाही विचार."

"मग... ती घड्याळं?"

"एक माझंच आहे. कोंबडावालं." मर्ल जरा ओशाळला. "ती म्हणाली मी वाजवली. आमच्या ध्यानात आलं, तिला पोराला सोडवायचंय. रेडिओवर आम्हीच काहीबाही बोललो होतो, तेही बरं नव्हतं. मग तिने म्हटलं मला हसा, तर हसलो. आर्लिसशी वाद कोण घालणार? आणि तुझं म्हणशील, तर तू कधी बोलतोस याचीच वाट बघत होतो सगळे. आता बस खाली."

मी मटकन बसलो. शेजारच्या बाईने माझ्या गुडघ्यावर थापटलं आणि "गॉड ब्लेस यू" म्हणाली. पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

"तर मग," मर्ल म्हणाला, "हिने वाजवली नाही, आणि याची दोरी कधी नव्हतीच. विषय संपला."

"संपला नाही," आर्लिसबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. "दोरी माझ्या ताब्यात होती. त्याच्या मुठीत मी दिली. घंटा खोटी वाजली आणि त्यावर विश्वास ठेवून तुम्ही मैदानात उतरलात. पोरं गारठली. फळीवर लिहिलंय ते सगळ्यांसाठी लिहिलंय. ऑटोची दोरी आपण घेतली तेव्हा त्याची बाजू कुणी ऐकली होती? मग माझी का ऐकायची?"

त्यांनी टोपली टेबलाच्या मधोमध सरकवली आणि हात मागे घेतले. मला कळलं की त्या नाटक करत नव्हत्या, खरंच सोडत होत्या. दोरीखेरीज त्यांच्या शनिवारात दुसरं काही नव्हतं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरीही टोपलीला हात लावायचा अधिकार कुणाला वाटत नव्हता.

मागे बाक करकरलं. ऑटो उठत होते. त्यांना उठायलाच इतका वेळ लागला की दोघं मदतीला धावले, त्यांना त्यांनी काठीने बाजूला केलं. ते टेबलाशी आले. टोपलीतल्या दोरीवरून त्यांनी अंगठा फिरवला, जिथे धरून धरून ती काळी झाली आहे तिथे.

"माझी गेली ती बरोबर गेली," ते म्हणाले. बोलत होते मर्लशी, बघत होते दोरीकडे. "मी वाजवली होती. एकही आकडा मोजला नव्हता मी. मोजायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. सुचलं ते हिला."

मग त्यांनी मान वर केली आणि एकतीस वर्षांनी पहिल्यांदा आर्लिसबाईंकडे बघून बोलले.

"चारपर्यंत पोचली होतीस ना?"

"हो."

"आणि मोजतच होतीस?"

"मोजत होते, ऑटो."

"मग ठेव," ते म्हणाले, आणि टोपली बाईंपुढे ढकलली.

पायरीवर चौदा घड्याळं आली तेव्हा ज्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, त्या बाईंनी टोपलीतलं फडकं ओढून तोंडाला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग नाक पुसून त्यांनी विचारलं, "रोल किती देऊ तुला?"

"दोन," ऑटो म्हणाले. "माझा गुडघाही गेलाय."